विद्यापीठ, प्रयोगशाळा आणि कारखाना

१८५७ साली, उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटला त्याच वर्षी, कलकत्ता, मुंबई व मद्रास या तीन शहरांत विद्यापीठे स्थापण्याचे कायदे झाले, आणि त्यांपैकी मुंबईच्या कायद्याला १८ जुलै रोजी मंजुरी मिळाली. चार्ल्स वुड यांच्या १८५४ च्या प्रसिद्ध खलित्यात या विद्यापीठांची कल्पना मांडलेली होती, आणि तिच्यापुढे नमुना होता तो लंडन विद्यापीठाचा. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये गुरू आणि शिष्य एकाच आवारात राहत. बर्लिनच्या विद्यापीठाने १८१० पासून अध्यापन आणि संशोधन ही एकाच अध्यापकाची दोन कर्तव्ये मानली होती. परंतु लंडनचे विद्यापीठ त्या काळी मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या देणारे एक मंडळ होते, आणि मोठ्या खर्चाची तोशीस न लागता उभे राहू शकणारे विद्यापीठ हेच असल्यामुळे सरकारला ते सोयीचे वाटले असावे. शिकवायचे महाविद्यालयांनी, आणि पारखायचे विद्यापीठाने, अशी ही कामाची वाटणी होती. मुंबई विद्यापीठाला आरंभी स्वतःची इमारत नव्हती, स्वतःचा एकही प्राध्यापक नव्हता. होते ते एक दप्तर, एक अधिसभा आणि परीक्षांचे वेळापत्रक.

या व्यवस्थेतून काहीच निपजले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८६२ साली पहिली बी. ए. ची पदवी मिळवणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही नावे आहेत, आणि एवढ्या दोन नावांनीही त्या विद्यापीठाचा जन्म सार्थ झाला असता. परंतु न्यायशास्त्र, इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान या विद्या ग्रंथांच्या आधाराने आणि चांगल्या अध्यापकाच्या सहवासाने संपादन करता येतात, तशा रसायन, यंत्रविद्या आणि पदार्थविज्ञान या विद्या येत नाहीत. त्यांना हात लावून पाहण्याची जागा लागते, चुकण्याची मुभा लागते, आणि फुटलेल्या काचेचा खर्च सोसणारा कोणी धनी लागतो. परीक्षा घेणाऱ्या मंडळाला या तिन्ही गोष्टींचे प्रयोजन नव्हते, म्हणून पहिली साठ-सत्तर वर्षे महाराष्ट्रात विज्ञान व यंत्रविद्या यांचे जे शिक्षण वाढले, ते बहुतांशी विद्यापीठाच्या बाहेर, त्याच्या शेजारी किंवा त्याच्या आधी वाढले.

केरो लक्ष्मण छत्रे यांचे उदाहरण या संदर्भात मला फार बोलके वाटते. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली ते शिकले, कुलाब्याच्या वेधशाळेत त्यांनी निरीक्षणाचे काम केले, पुढे पुण्याला गणित व सृष्टिशास्त्रे शिकवली, ग्रहगणिताची कोष्टके मराठीत सिद्ध केली, आणि टिळक व आगरकर यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या वर्गात बसले. या माणसाजवळ विद्यापीठाची कोणतीही पदवी नव्हती, कारण ते घडले तेव्हा विद्यापीठच नव्हते. त्यांना घडवले ते वेधशाळेतील रात्रीच्या कामाने आणि स्वतः काम करणाऱ्या गुरूने. पुण्यात १८५४ साली जो अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, ज्याचे पुढे विज्ञान महाविद्यालय आणि मग अभियांत्रिकी महाविद्यालय झाले, तोही विद्यापीठापेक्षा तीन वर्षांनी वडील आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याला रस्ते, पूल आणि कालवे यांच्या कामावर देखरेख करणारे कनिष्ठ अंमलदार हवे होते, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. विद्यापीठाने यथावकाश त्याला संलग्न करून घेतले व स्थापत्याची पदवीही सुरू केली, आणि १८८३ साली त्या परीक्षेत इलाख्यात पहिले आलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुढे देशाला ठाऊक झाले. परंतु त्यांना साखळी धरून जमीन मोजायला शिकवली ती पुण्याच्या महाविद्यालयाने, विद्यापीठाने नव्हे.

मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था निघाली, तीही गिरण्यांच्या गरजेतून. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी १८९० साली कलाभवन स्थापले, तेथे रंगकाम, विणकाम, यंत्रकाम यांचे शिक्षण देशी भाषांतून देण्याचा आग्रह धरला, आणि दादासाहेब फाळके यांच्यासारखा विद्यार्थी तेथे छायाचित्रणादी कला शिकून गेला. गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते, आणि रसायनाची विद्या बाजारपेठेत व कारखान्यात उतरली पाहिजे, ही त्यांची तळमळ होती. आमच्या विद्यापीठाच्या इतिहासात त्यांचे नाव ठळकपणे येत नाही, याची मला खंत वाटते, कारण पुढे चाळीस वर्षांनी विद्यापीठाने जे केले, त्याचा मनसुबा या गृहस्थाने आधीच बांधला होता.

या काळात विद्यापीठानेही वैभव मिळवले, पण ते दगडाचे. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून राजाबाई मनोरा आणि ग्रंथालय ही वास्तू १८७८ साली पुरी झाली, आणि त्या आधी कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून पदवीदान सभागृह उभे राहिले. गॉथिक शैलीतील या इमारती आजही डोळ्यांत भरतात. मात्र ग्रंथ, घड्याळ आणि पदवीदान यांच्यासाठी जागा असलेल्या त्या आवारात प्रयोगशाळेसाठी खोली नव्हती, ही गोष्ट त्या काळच्या विद्यापीठाच्या कल्पनेविषयी बरेच सांगून जाते.

लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीतील १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांवरील सरकारी पकड घट्ट केली, म्हणून त्यावर त्या काळी टीकेचा भडिमार झाला आणि तो यथार्थही होता. परंतु त्याच कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याची, प्राध्यापक नेमण्याची आणि प्रयोगशाळा चालवण्याची मोकळीक दिली, आणि या तरतुदीचा पुरेपूर लाभ उठवला तो कलकत्त्याला आशुतोष मुखर्जी यांनी. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांकडून भरघोस देणग्या मिळवून त्यांनी १९१४ साली विद्यापीठाचे स्वतःचे विज्ञान महाविद्यालय काढले. तेथे प्रफुल्लचंद्र राय आले, आणि १९१७ साली सरकारी हिशेब खात्यातील चांगल्या पगाराची नोकरी सोडून चंद्रशेखर वेंकट रामन हे पालित अध्यासनावर रुजू झाले. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बसू हे त्याच विज्ञान महाविद्यालयात तरुण अध्यापक होते. एका कुलगुरूने, एका कायद्यातील एका कलमाच्या आधाराने, दहा वर्षांत देशाच्या विज्ञानाचा नकाशा बदलला. मुंबईकडे पैसा कलकत्त्याहून कमी नव्हता, दातेही कमी नव्हते. जमशेटजी टाटांच्या दानातून उभी राहिलेली विज्ञानसंस्था मात्र १९०९ साली बंगळूरला स्थापन झाली, आणि मुंबई विद्यापीठाने स्वतःचा अध्यापन विभाग काढला तो १९१९ साली, समाजशास्त्राचा, पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली. आरंभ चांगला होता, पण विज्ञानाचा नव्हता.

विज्ञानाला वाट करून दिली ती पहिल्या महायुद्धाने. मुंबईच्या गिरण्यांत विणल्या जाणाऱ्या कापडाला लागणारे कृत्रिम रंग प्रामुख्याने जर्मनीतून येत. युद्ध सुरू होताच ते येणे बंद झाले, आणि कापसाच्या या राजधानीत सूत होते, माग होते, मजूर होते, पण रंग करण्याची विद्या कोणाजवळ नव्हती, हे सत्य गिरणीमालकांना आपल्या खतावण्यांत वाचावे लागले. १९१६ ते १९१८ या काळात औद्योगिक आयोगाने देशभर फिरून तंत्रशिक्षणाच्या दुरवस्थेची नोंद केली. मुंबई इलाख्यात १९२१ साली त्याच विश्वेश्वरय्यांच्या अध्यक्षतेखाली तंत्र व औद्योगिक शिक्षणाची समिती नेमली गेली. विद्यापीठाने तंत्रविद्येचे शिक्षण स्वतःच्या अंगावर घ्यावे, हा विचार अशा रीतीने रुजत गेला, आणि सरकारी मंजुऱ्या, देणग्या आणि अधिसभेतील चर्चा यांत आणखी एक तप गेल्यावर, १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्येचा विभाग सुरू झाला. आरंभी विषय दोनच होते, वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. प्रवेश विज्ञानाच्या पदवीधरांना, आणि अभ्यास दोन वर्षांचा. पहिली वर्षे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या आसऱ्याने काढून, १९४३ साली हा विभाग माटुंग्याच्या स्वतःच्या इमारतीत गेला, आणि यू. डी. सी. टी. या आद्याक्षरांनी ओळखला जाऊ लागला.

या विभागात जे शिकवले जाई ते नेमके काय, हे सामान्य वाचकाला समजले पाहिजे, कारण त्यावाचून विद्यापीठाच्या बदललेल्या भूमिकेचा अर्थ लागणार नाही. रसायनशास्त्रज्ञ काचेच्या चंबूत एखादी विक्रिया घडवून आणतो, तिचे उत्पादन शुद्ध करतो, आणि त्याचे काम तेथे संपते. कारखानदाराला तीच विक्रिया टनांच्या मापाने हवी असते, आणि येथे अशी अडचण उभी राहते की चार माणसांचा स्वयंपाक उत्तम करणाऱ्या गृहिणीला चारशे पानांच्या पंगतीचा स्वयंपाक त्याच कृतीने, केवळ जिन्नस शंभरपट घेऊन, करता येत नाही. याचे कारण भूमितीत आहे. भांड्याची लांबी, रुंदी व उंची दहापट केली, तर त्याचे पृष्ठफळ शंभरपट होते, पण घनफळ हजारपट होते. विक्रियेतून निघणारी उष्णता घनफळाच्या प्रमाणात वाढते, आणि ती बाहेर निघून जाते पृष्ठभागातून. म्हणजे मोठ्या भांड्यातील उष्णतेला बाहेर पडण्यासाठी, तुलनेने पाहता, छोट्या भांड्यातील उष्णतेच्या एकदशांशच वाट मिळते. चंबूत निमूटपणे घडणारी विक्रिया मोठ्या पात्रात तापत जाऊन स्फोटही घडवू शकते. द्रव किती वेगाने ढवळावा, वायू त्यात किती सूक्ष्म बुडबुड्यांनी सोडावा, उष्णता कोणत्या नळ्यांतून काढून घ्यावी, मिश्रणातील घटक ऊर्ध्वपातनाने वेगळे करताना स्तंभ किती उंच असावा, या प्रश्नांची उत्तरे शोधणारे शास्त्र म्हणजे रासायनिक अभियांत्रिकी, आणि ते ना निव्वळ रसायन आहे, ना निव्वळ यंत्रविद्या.

असे शास्त्र तीन तासांच्या लेखी परीक्षेने पारखता येत नाही, हे उघड आहे. ते शिकवणारा अध्यापक स्वतः त्या प्रश्नांत गुंतलेला असावा लागतो, त्याची प्रयोगशाळा विद्यार्थ्यासमोर चालू असावी लागते, आणि कारखान्यातून आलेली खरी अडचण त्याच्या मेजावर पडलेली असावी लागते. माटुंग्याला हे घडले. विभागाचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे रंगरसायनातील जगन्मान्य संशोधक होते; सेंद्रिय रसायनातील एका पुनर्रचनेला बेकर यांच्या नावाबरोबर त्यांचे नाव लागलेले आहे, आणि कृत्रिम रंगांवरील त्यांचा अनेक खंडांचा ग्रंथ १९५२ पासून प्रसिद्ध होऊ लागला. बाळ दत्तात्रेय टिळक हे ऑक्सफर्डला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे संशोधन करून आलेले रसायनशास्त्रज्ञ तेथेच शिकवत. आणि १९६४ साली केंब्रिजहून डँक्वर्ट्स यांच्या हाताखाली संशोधन पुरे करून मनमोहन शर्मा हे सत्तावीस वर्षांचे तरुण तेथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. वायू आणि द्रव यांच्या सीमेवर विक्रिया चालू असताना एका अवस्थेतून दुसरीत पदार्थ किती वेगाने जातो, हा त्यांचा विषय. कारखान्यांत विषारी वायू शोषून घेण्यापासून औषधनिर्मितीपर्यंत तो सर्वत्र उपयोगी पडणारा. एका हाताने त्यांनी आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत शोधनिबंध लिहिले, दुसऱ्या हाताने उद्योगांना सल्ला दिला, आणि या दोन्ही कामांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बरोबर घेतले. १९९० साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते सदस्य झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय रासायनिक अभियंता. एका राज्य विद्यापीठाच्या एका विभागात, सरकारी वेतनश्रेणीवर राहून एवढी उंची गाठता येते, हे त्यांनी दाखवून दिले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले आणि मुंबईत अत्यंत गरिबीत वाढलेले रघुनाथ माशेलकर त्याच विभागातून १९६६ साली पदवी व १९६९ साली डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. अंजी रेड्डी यांच्यासारखे औषधोद्योगाचे संस्थापकही याच आवारात शिकले.

येथवर आल्यावर माझे मत स्पष्ट सांगतो. भारतातील विद्यापीठाने विज्ञान व तंत्रविद्येत काय करावे, याचे उत्तर माटुंग्याने १९३३ नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत देऊन टाकले होते: शिकवणारा, शोधणारा आणि उद्योगाला सल्ला देणारा माणूस एकच असावा, आणि विद्यार्थी त्याच्या तिन्ही कामांचा साक्षी असावा. हे उत्तर हाताशी असताना स्वतंत्र भारताने दुसरा मार्ग धरला.

तो मार्ग धरण्याची कारणे त्या काळी क्षुल्लक नव्हती. विद्यापीठे परीक्षांच्या ओझ्याखाली दबलेली होती, त्यांच्या अधिसभा राजकारणाने ग्रासलेल्या होत्या, आणि देशाला घाई होती. म्हणून वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, जी १९४२ साली स्थापन झाली होती, राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभी केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झाले. होमी भाभांनी १९४५ सालीच टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली होती. नलिनीरंजन सरकार समितीच्या शिफारशींवरून उच्च तंत्रसंस्थांची योजना आखली गेली, आणि १९५१ साली खरगपूरला, तर १९५८ साली युनेस्कोमार्फत सोव्हिएत साहाय्य घेऊन मुंबईला अशी संस्था सुरू झाली. या साऱ्या संस्था विद्यापीठांच्या चौकटीबाहेर ठेवण्यात आल्या. त्यांचा कायदा वेगळा, खजिना वेगळा, प्रवेशपद्धती वेगळी. संशोधनाचे द्रव्य आणि माणसे अशा रीतीने विद्यापीठांपासून दूर नेली, तर विद्यापीठे वाळून जातील, असा इशारा मेघनाद साहा यांनी वेळीच दिला होता. कलकत्त्याच्या विद्यापीठात घडलेल्या आणि तेथे अणुविज्ञानाची संस्था उभारणाऱ्या त्या माणसाला आपण काय गमावणार आहोत, हे स्वानुभवाने कळत होते.

पवईची तंत्रसंस्था, पुण्यातील पाषाणची रासायनिक प्रयोगशाळा आणि कुलाब्याची टाटा संस्था यांनी देशाची जी सेवा केली, तिच्याविषयी माझ्या मनात आदराखेरीज दुसरी भावना नाही. तरीही एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे १९५७ साली जे पहिले भारतीय संचालक झाले ते माटुंग्याचे वेंकटरामन. १९६६ साली त्यांच्या जागी आले ते माटुंग्याचे बा. द. टिळक, आणि १९८९ साली त्या पदावर आले ते माटुंग्याचेच माशेलकर. राष्ट्रीय प्रयोगशाळेला आपले तीन प्रमुख विद्यापीठाच्या एका विभागाने पुरवले. प्रयोगशाळेतून विद्यापीठाकडे असा ओघ वाहिल्याचे दाखले मात्र शोधावे लागतात. विहिरीतून उपसा करावा आणि झऱ्यांकडे लक्ष देऊ नये, असे काहीसे येथे झाले.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली, आणि महाराष्ट्रातील तंत्रशिक्षणाचे रूप पालटले. संगमनेर, लोणीसारख्या ठिकाणच्या मुलांना अभियंता होण्यासाठी पुण्या-मुंबईच्या मोजक्या जागांकडे डोळे लावून बसण्याचे कारण उरले नाही, हे या निर्णयाचे मोठे यश आहे, आणि शहरात बसून त्याला नावे ठेवणाऱ्यांनी ते विसरू नये. पण या महाविद्यालयांना पदवी कोण देणार? जुनी संलग्नतेची पद्धत तयारच होती. महाविद्यालये वाढत गेली तसे विद्यापीठ पुन्हा १८५७ च्या कामाकडे ओढले गेले: अभ्यासक्रम ठरवणे, प्रश्नपत्रिका छापणे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाहणे, फेरतपासणीचे अर्ज निकालात काढणे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट पुरेशा तयारीवाचून घातला, निकाल महिनोनमहिने रखडले, विद्यार्थ्यांचे परदेशातील प्रवेश आणि नोकऱ्या अडल्या, आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले. दोष एका माणसाच्या पदरात टाकून सारे मोकळे झाले. परंतु लाखो उत्तरपत्रिका हेच ज्या संस्थेचे मुख्य जीवनकार्य बनले आहे, तिचा कुलगुरू प्रयोगशाळेचा विचार कोणत्या प्रहरी करणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

आणि मग चांगले विभाग घर सोडून निघाले. माटुंग्याच्या विभागाला २००८ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि मुंबई विद्यापीठाशी त्याचा पाऊणशे वर्षांचा संबंध संपला. पुण्याचे १८५४ चे अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ साली स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. नागपूरला कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी आपली मालमत्ता नागपूर विद्यापीठाला मृत्युपत्राने दिली होती, आणि तीतून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रसंस्था उभी राहिली होती. तीही २०२३ साली विद्यापीठापासून वेगळी झाली. यांतील प्रत्येक संस्थेचा निर्णय तिच्यापुरता योग्य होता, असे मी मानतो. जुन्या घरात राहून त्यांना प्राध्यापक नेमण्यासाठी, यंत्र विकत घेण्यासाठी आणि अभ्यासक्रमात एखादा विषय घालण्यासाठी जी वाट पाहावी लागे, ती पाहून कोणाचाही धीर सुटला असता. परंतु ज्यांनी विज्ञानाचे शिक्षण कसे असावे हे दाखवले, तेच विद्यापीठातून गेल्यावर, मागे राहिलेल्या शेकडो महाविद्यालयांतील मुलांसमोर उदाहरण कोणते उरले? इचलकरंजीच्या किंवा रत्नागिरीच्या महाविद्यालयात रसायन शिकणाऱ्या मुलीचे नाते विद्यापीठाच्या नामांकित विभागाशी, त्याच्या ग्रंथालयाशी, त्याच्या महागड्या उपकरणांशी जोडले जाणे ही संलग्नतेच्या पद्धतीतील एकमेव खरी शक्यता होती, आणि ती आपण वापरण्यापूर्वीच गमावत आहोत.

ही शक्यता निव्वळ कल्पनेतील नाही, हे पुण्याच्या गणेशखिंडीत दिसते. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठीय केंद्र उभारायला घेतले, तेव्हा ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्राध्यापकपद सोडून आले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या या केंद्राचा हेतू असा की, ज्या विद्यापीठांना व महाविद्यालयांना मोठी दुर्बीण, मोठा संगणक, मोठे ग्रंथालय परवडत नाही, त्यांच्या अध्यापकांनी येथे येऊन, राहून, काम करून परत जावे, आणि आपल्या विद्यार्थ्यांना ते काम द्यावे. सहयोगी म्हणून नेमलेले अध्यापक आपली मूळ नोकरी सोडत नाहीत; सुट्टीत किंवा रजेवर येतात आणि पुन्हा आपल्या वर्गात उभे राहतात. नारळीकर आज आपल्यात नाहीत, पण खगोलशास्त्रासारख्या खर्चिक विषयात छोट्या गावातील अध्यापकाला संशोधक म्हणून उभे करणारी ही रचना चार दशकांच्या उंबरठ्यावर आहे. रसायनाला, पदार्थविज्ञानाला, जीवशास्त्राला, यंत्रमापनाला अशी केंद्रे प्रत्येक राज्य विद्यापीठाच्या आवारात का नसावीत, याचे समाधानकारक उत्तर मला कोठेही मिळालेले नाही.

सध्याच्या घडामोडींत आशेला जागा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले आहे, आणि २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने विद्यापीठांत व महाविद्यालयांत संशोधनाचे बीज पेरावे, अशी अपेक्षा आहे. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपयांची योजना त्यापुढे ठेवलेली आहे. तीतील मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यायचा आहे, आणि तो कितपत येतो यावर बरेच अवलंबून राहील. विद्यापीठांनी विद्यार्थ्यांच्या नव्या उद्योगांना आधार देणारी केंद्रे काढावीत, अशी तरतूद २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातही आहे. या केंद्रांचे स्वागत करावे. परंतु ज्या विद्यापीठात अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर शिकवले जाते, आणि प्रयोगशाळेतील उपकरण बिघडले तर ते दुरुस्त करण्याची मंजुरी वर्षभर येत नाही, तेथे उद्योगाचे बीज कोणत्या मातीत रुजायचे? शर्मांच्या प्रयोगशाळेतून उद्योगाला सल्ला जात होता, कारण आधी तेथे प्रयोगशाळा होती.

विद्यापीठाला परीक्षामंडळाच्या भूमिकेतून सोडवायचे, तर महाविद्यालयांना पदवी देण्याचा अधिकार द्यावा लागेल आणि तो देताना काहींना तो पेलणार नाही, हेही गृहीत धरावे लागेल. पण त्या धोक्यापेक्षा आजची स्थिती मोठा धोका आहे. विद्यापीठाने आपल्या हाती थोडे विभाग ठेवावेत, ते पूर्ण ताकदीने चालवावेत, त्यांचे दार बाहेरच्या अध्यापकांना उघडे ठेवावे, आणि बाकी सारे सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे काम केवळ मंत्रालयात किंवा दिल्लीत व्हायचे आहे, असे वाचकांनी समजू नये. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले प्रतिनिधी बसतात, अर्थसंकल्पावर तेथे चर्चा होते, आणि आपल्यापैकी बहुतेक पदवीधरांनी मतदार म्हणून आपले नाव कधी नोंदवलेलेच नसते, त्यामुळे त्या निवडणुका थोड्या संघटनांच्या हातात राहतात. आपण पदवीधर असाल, तर पुढच्या नोंदणीच्या वेळी आपल्या विद्यापीठाकडे अर्ज करा, आणि मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला विचारा की, विज्ञानाच्या विभागांतील किती जागा रिकाम्या आहेत आणि प्रयोगशाळांसाठी यंदा किती तरतूद केली आहे.